दुरुस्तीची वही

लोक आउस्त्राबद्दल बोलतात तेव्हा टाळ्यांचं बोलतात.
मी ऐकायला एकदाच गेलो, शेवटच्या रांगेत,
आणि सगळा वेळ घोडीकडे बघत बसलो:
केसभर पुढे झुकलीय, हिला सांगायला हवं.

माझ्याकडे वही आहे.
लिएपायाच्या बंदरामागे, जिथे वारा दार वाजवून येत नाही,
तिथल्या दुकानाची. वडिलांच्या अक्षरात पहिली नोंद:
‘कु. क्रूमिन्या, वय चौदा. व्हायोला हाताला मोठा.
मुलगी म्हणते, हात वाढेल.’

हात वाढला नाही फारसा.
करंगळी तेवढी ताणून ताणून
दुसऱ्याच कुणाची असावी तशी झाली.

तेव्हा व्हायोला म्हणजे
व्हायोलिन न जमलेल्यांची सोय.
वरचे गाणार, खालचे पाय रोवून उभे,
मधल्यांनी भिंत धरायची.
ती म्हणाली, भिंतच नसेल तर खिडकी कुठे लावाल?
वडिलांनी त्या दिवशी सरसाचे पैसे घेतले नाहीत.

एकोणसत्तर. वरच्या पाटीला तडा, बोटभर.
लेनिनग्राडहून रात्रीच्या गाडीत, खिडकीशी गोठून.
तिथे म्हणे सभागृह उभं राहिलं होतं.
मी दिव्यासमोर तडा धरला.
थंडीत लाकूड आकसतं, बाई वाजवत राहते,
दोघांपैकी कुणीच ऐकत नाही.

ब्याऐंशीचं पान कोरं.
भाऊ जहाजावरून स्वीडनला उतरला तो उतरलाच,
एवढं कारण पुरलं; तिचे कार्यक्रम बंद.
तरी दर गुरुवारी यायची, काही काम नसताना,
बाकावर बसून रंध्यातून निघणारी सालपटं बघत.
मी बोलत नसे. मला बोलता येत नाही
आणि हातात धार होती.
एका गुरुवारी मासळीच्या कारखान्यातली एक पोर घेऊन आली,
बोटांना खाऱ्या पाण्याच्या चिरा.
म्हणाली, हिच्यासाठी एखादा पडीक काढ.
शिकवणं तिथून सुरू झालं.
वर्तमानपत्रं वेगळं साल सांगतात.

मग देश बदलला, जागच्या जागी.
व्हिएन्ना, ओसाका, पुन्हा व्हिएन्ना.
वहीत: खुंटी, खुंटी, गजाचे केस.
ओसाकाहून तो तिथला अख्खा दमट उन्हाळा पोटात घेऊन आला,
आतून सरस सुटलेला.
तिनं मला एक सुरेख बशी आणली होती. त्यात मी राळ ठेवतो.

तिच्या विद्यार्थ्यांची वाद्यं मी न विचारता ओळखतो,
सगळ्यात आधी खर्जाची तार झिजलेली.
महिनाभर तेवढीच वाजवून घेते, मोकळी.
गज असा ओढ, म्हणते,
जसं बर्फावरून ढकलगाडीत झोपलेलं मूल नेतेस.
काही पोरं आठवड्यात पळतात.
कारखान्यातली टिकली. आता तीच हॅम्बुर्गात शिकवते,
आणि तिथून तारांचा हिशेब मला विचारते.

या हिवाळ्यात आउस्त्रा आली,
अंगठा सुजून बटाट्याएवढा.
बरोबर दाइगा, सतरा वर्षांची, सारखी नाक ओढणारी.
व्हायोला आता हिचा, ती म्हणाली, तपासून दे.

हनुवटीचा टेकू तिनं कधी लावला नाही, नुसता रुमाल.
तिथलं रोगण साठ वर्षांत उडून गेलंय,
खालचं लाकूड पांढुरकं, गुळगुळीत.
पोरीनं विचारलं, हे झाकता येईल?
मी आउस्त्राकडे पाहिलं.
मला वाटलं, ती नको म्हणेल.
खरं तर मीच नको म्हणणार होतो.

‘लाव,’ ती म्हणाली. ‘हिची हनुवटी दुसरीकडे बसते.’
आणि हातमोजे शोधू लागली.

रात्री वहीत लिहिलं:
‘हनुवटीखाली रोगण. एक हात.’
दोन द्यावे लागतात.
मी एकच दिला.